जाहिरातीतली संशयित गाडी

'जाहिरात' हा घटक आपण भाषेच्या तासाला शिकवतो. आकर्षक शब्द, थोडका मजकूर, ठळक अक्षरं. पण जाहिरातीचं एक जुनं हत्यार सांगायचं राहून जातं. ते म्हणजे भीती.

शाळेच्या वाटेवर काळ्या काचांची गाडी हळू होते, आईचा चेहरा भेदरतो आणि लगेच पडद्यावर कॅमेरा नाहीतर जीपीएसचं घड्याळ येतं. अर्ध्या मिनिटात खलनायक उभा करायचा तर अनोळखी गाडी, मळके कपडे, परकी बोली अशा तयार खुणाच कामाला येतात. साचा आपल्या मनात आधीच असतो, जाहिरात तो घट्ट करते.

हेतू चांगला असला तरी धोका टळत नाही. २०१६ मध्ये कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षेसाठी जागृतीची फिल्म केली. मोटारसायकलवरचे दोघे गल्लीत खेळणाऱ्या मुलाला उचलतात. शेवटी त्याला परत आणून सोडतात आणि संदेशाचा फलक दाखवतात. भारतात ती व्हॉट्सॲपवर फिरली तेव्हा हा शेवटच कापलेला होता. संदेश गेला, भीती तेवढी उरली.

अशाच अफवांच्या दिवसांत, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात मुलं पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठार मारलं. ते भिक्षा मागून पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी होते, बहुतेक मंगळवेढा तालुक्यातले. पुढे १३ जुलैला बिदर जिल्ह्यातल्या मुरकीत जमावाने मोटार अडवली. हैदराबादच्या एका तरुणाचा जीव गेला. मुलांना चॉकलेट दिलं, एवढंच निमित्त. त्याच महिन्यात अफवा ओळखा असं सांगायला व्हॉट्सॲपला वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती द्याव्या लागल्या!

आपलं भिगवण पुणे-सोलापूर महामार्गावरचं. उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी बघायला, मासळी बाजाराला, ऊसतोडीला परगावची माणसं येतातच. इथे अनोळखी गाडी रोजचीच. मुलांनी प्रत्येकीला घाबरायचं का?

आणि खरा धोका बहुधा वेगळीकडेच असतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत मुलांवरच्या बलात्काराच्या ९० टक्क्यांहून अधिक गुन्ह्यांत आरोपी ओळखीचाच निघतो. म्हणून मुलांना गाडीचा रंग नको, वागणं ओळखायला शिकवूया: "आईला सांगू नकोस" म्हणणारा कोण? न विचारता हात धरणारा कोण? मग तो काका असो की परका.

वर्गात एक कृती करून बघा. कोणतीही एक जाहिरात दाखवा आणि चार प्रश्न विचारा: भीती कशाची दाखवली? वाईट माणूस कसा ओळखू आला? शेवटी विकलं काय? पुरावा कुठे आहे?

संशय आलाच तर गाडीचा नंबर टिपायचा, ११२ किंवा १०९८ ला फोन करायचा. व्हिडिओ पुढे ढकलायचा नाही आणि गाडीला घेराव तर मुळीच घालायचा नाही.