शिक्षकाचे फिरते दप्तर

‘दप्तर’ हा शब्द मराठीत दोन अर्थांनी रूढ आहे. विद्यार्थ्याच्या खांद्यावर असते तेही दप्तर आणि कचेरीत जतन केले जाते तेही दप्तरच. ग्रामीण प्राथमिक शिक्षकास ही दोन्ही दप्तरे वाहावी लागतात. सकाळी वर्गात, दुपारी पोषण आहाराच्या नोंदीत, महिन्यातून एकदा केंद्राच्या शिक्षण परिषदेत आणि वेळप्रसंगी तिरोड्याच्या गटसाधन केंद्रात त्याचे काम विखुरलेले असते. मोबाईल, पेनड्राइव्ह आणि आंतरजालावरील साठवण यांच्या योगे आता ही दोन्ही दप्तरे एका पिशवीत मावतात. मात्र साधने हाती आली म्हणजे व्यवस्था आपोआप येते असे नव्हे. ती कशी लावावी, याचा येथे थोडक्यात विचार करू.

१. साधने. साधने थोडी असावीत. चांगल्या स्थितीतील मोबाईल, त्यास जोडता येणारा पेनड्राइव्ह, वीज गेल्यास उपयोगी पडणारी पॉवर बँक आणि सर्व वर्गास ऐकू जाईल असा लहान स्पीकर एवढ्यावर बहुतेक काम भागते. दीर्घ लेखन करावयाचे असल्यास सुटा कीबोर्ड घ्यावा.

२. मांडणी. वर्ष, इयत्ता व विषय या क्रमाने फोल्डर करावेत. फाईलच्या नावात प्रथम वर्ष, मग महिना, नंतर दिनांक लिहावा. उदाहरणार्थ, ‘२०२५-०७-०४ चौथी गणित’. असे केल्याने फाईली कालक्रमाने आपोआप लागतात. महिना एक अंकी असल्यास त्यापूर्वी शून्य घालावे; एरवी काही यंत्रे दहावा महिना दुसऱ्या महिन्याच्या आधी मांडतात.

३. लिपी. शाळेतील संगणकावर टंकलिखित केलेले पत्र दुसऱ्या यंत्रावर उघडताच निरर्थक अक्षरे दिसतात, हा अनेकांचा अनुभव आहे. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये यंत्र मुळात रोमन अक्षरेच साठविते. फॉन्ट त्यांस केवळ देवनागरीचे रूप देतो. तो फॉन्ट नसेल तेथे ते रूप नाहीसे होते. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षरास स्वतःचा क्रमांक आहे. ‘क’ या अक्षराचा क्रमांक ०९१५. म्हणून युनिकोडमधील मजकूर कोठेही वाचता येतो व त्यातील नाव शोधताही येते. टंकलेखनास इन्स्क्रिप्ट पद्धती शिकून घ्यावी. तीत स्वर डाव्या हाताकडे व व्यंजने बहुतांशी उजव्या हाताकडे असल्याने ती लवकर अंगवळणी पडते.

४. रेंज नसताना. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक श्री. रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांस क्यूआर कोडची जोड दिली. या कार्याबद्दल त्यांना २०२० चे जागतिक शिक्षक पारितोषिक लाभले. आज पाठ्यपुस्तकांत असे कोड आढळतात. तथापि त्या चौकोनात पाठ नसतो, पाठाचा केवळ पत्ता असतो, हे ध्यानी ठेवावे. नागझिऱ्याच्या वनालगतच्या गावात रेंज नसेल, तर पत्ता मिळूनही पाठ उघडत नाही. यास्तव रेंज मिळेल तेथे आठवड्याचे पाठ आधीच उतरवून घ्यावेत. २०१७ साली सुरू झालेल्या दीक्षा ॲपमध्ये ही सोय आहे. बालभारतीची पुस्तकेही पीडीएफ रूपात विनामूल्य उतरविता येतात.

५. प्रती. महत्त्वाच्या नोंदीच्या तीन प्रती असाव्यात : एक मोबाईलमध्ये, दुसरी शाळेच्या कपाटातील पेनड्राइव्हवर आणि तिसरी आंतरजालावर. येथे एक भेद समजून घेणे अगत्याचे आहे. मोबाईल व आंतरजाल यांचा साठा परस्परांशी जुळवून ठेवणारी व्यवस्था एका ठिकाणी पुसलेली फाईल दुसऱ्या ठिकाणीही पुसते. ती सोय आहे, सुरक्षित प्रत नव्हे. खरी प्रत म्हणजे जी आपल्या चुकीच्या स्पर्शाने बदलत नाही ती. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरची जागा तर यांपैकी कोणतीही प्रत घेऊ शकत नाही. यू-डायस प्लसवर माहिती भरताना नाव व जन्मतारीख मूळ रजिस्टरवरूनच घ्यावी. आज चुकलेली एक वेलांटी त्या मुलास उद्या शिष्यवृत्तीच्या अर्जापाशी अडवू शकते.

६. गोपनीयता. मुलांची नावे, आधार क्रमांक, बँक खाती व छायाचित्रे ही शिक्षकाकडे विश्वासाने सोपविलेली ठेव आहे. अशी यादी गटावर पाठविली की ती कोणाकोणाच्या मोबाईलमध्ये राहिली, याचा माग लागत नाही. ती परत घेणे जवळजवळ अशक्य असते. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही १८ वर्षांखालील व्यक्तीच्या माहितीसंबंधी पालकांच्या संमतीचे तत्त्व घालून दिले आहे. सबब, मोबाईलला स्क्रीन लॉक असावे, पासवर्ड वहीच्या मुखपृष्ठावर लिहू नये, ओटीपी कोणासही सांगू नये आणि दुसऱ्याच्या संगणकावर काम झाल्यावर लॉग-आऊट करूनच उठावे. आर्थिक फसवणूक झाल्यास विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे.

७. मर्यादा. कोठेही काम करता येते, याचा अर्थ सदैव काम करीत राहावे असा होत नाही. वर्गाच्या वेळेत यंत्राचा पडदा मुलांकडे असावा. तो शिक्षकाकडे वळला की मुले एकटी पडतात. द्विशिक्षकी शाळेत तर एकाने माहिती भरावयास बसणे म्हणजे निम्मी शाळा थांबणे होय. म्हणून नोंदीसाठी दिवसाची ठराविक वेळ राखावी व उर्वरित वेळ मुलांस द्यावा.

केंद्रप्रमुखांनी पुढील शिक्षण परिषदेत अर्धा तास या विषयास द्यावा. ज्यांस ही व्यवस्था साधली आहे, अशा तरुण शिक्षकांनी ती वडील सहकाऱ्यांस प्रत्यक्ष करून दाखवावी. वडील शिक्षकांनी तरुणांस रजिस्टर निर्दोष ठेवण्याची रीत सांगावी. दप्तर हलके झाल्याने वाचलेला प्रत्येक तास फळ्यापाशी पोहोचला, तरच हा खटाटोप सार्थकी लागेल.