प्रयोगवही आणि ‘बरोबर’ उत्तर

सत्र संपत आले की मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत एक प्रश्न हमखास कानावर येतो. “सर, माझं रीडिंग चुकलं. बरोबर किती यायला हवं होतं?” विचारणारा विद्यार्थी आळशी असतो असे मुळीच नाही. टिटवाळ्याहून मुलुंडला किंवा विरारहून अंधेरीला लोकलमध्ये उभ्याने आलेला, कॉलेज सुटल्यावर कुठे तरी अर्धवेळ नोकरी करणारा असा तो असतो. जर्नलवर सही मिळावी आणि प्रात्यक्षिकाचे गुण पदरात पडावेत, एवढीच त्याची अपेक्षा. परंतु मानसशास्त्रातील संशोधन कसे लिहावे व कसे मांडावे, याचे सारे मर्म त्याच्या या साध्या प्रश्नात दडलेले आहे.

आपल्या परिचयाचाच प्रयोग घेऊ. म्यूलर-लायर या जर्मन अभ्यासकाने १८८९ साली एक दृष्टिभ्रम प्रसिद्ध केला. दोन रेषा सारख्याच लांबीच्या. एकीच्या टोकांना आत वळलेली बाणाची पाती, दुसरीच्या टोकांना बाहेर उघडलेली पिसे. पिसांची रेषा लांब भासते. प्रयुक्ताने सरकपट्टी हलवून दोन्ही रेषा समान करायच्या आणि प्रयोगकर्त्याने त्याची चूक मिलिमीटरमध्ये नोंदवायची. पुस्तक सांगते की भ्रम होतो; आणि नेमका आपला प्रयुक्त रेषा जवळजवळ अचूक जुळवून मोकळा होतो! मग वहीत काय लिहायचे?

डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स या इंग्रज संशोधकापुढे असाच प्रसंग आला होता. १८९८ च्या केंब्रिज मोहिमेबरोबर ते टोरेस सामुद्रधुनीतील बेटांवर गेले आणि पुढे १९०१-०२ मध्ये आपल्या निलगिरीतील तोडा लोकांमध्ये राहिले. ‘अप्रगत’ माणसे अशा भ्रमांना अधिक बळी पडतील, असा त्या काळच्या युरोपीय विद्वानांचा सर्वसाधारण समज होता. रिव्हर्स यांना उलटे आढळले. म्यूलर-लायर भ्रम या लोकांना इंग्रजांपेक्षा कमी होत होता. त्यांनी ते आकडे जसेच्या तसे प्रसिद्ध केले. पुढे १९६६ मध्ये सेगल, कॅम्पबेल आणि हर्सकोव्हिट्स यांनी अनेक समाजांतील माणसांची तुलना करून दाखवले, की या भ्रमाचे प्रमाण सर्वत्र सारखे नसते. काटकोनी घरे-खोल्यांत वाढलेल्यांची नजर वेगळी घडते, असे त्यांचे स्पष्टीकरण. त्यावर आजही वाद आहे. पण ‘चुकलेले’ रीडिंग रिव्हर्स यांनी दुरुस्त करून घेतले असते, तर हा वादच निर्माण झाला नसता.

तात्पर्य, अहवाल हा परीक्षकाला खूष करण्यासाठी नसतो. आपल्याला न ओळखणाऱ्या एखाद्या माणसाला तोच प्रयोग पुन्हा करून पाहता यावा आणि आपल्यावर शंका घेता यावी, यासाठी तो असतो. अमेरिकेतील संपादकांनी मानसशास्त्रीय लेखांसाठी १९२९ मध्ये सूचना छापल्या, त्या अवघ्या सात पानांच्या होत्या. त्यांचाच विस्तार होत २०१९ मध्ये ‘एपीए’ पुस्तिकेची सातवी आवृत्ती निघाली. स्वल्पविराम कोठे द्यावा इथपर्यंतचे तिचे नियम पाहून विद्यार्थी धास्तावतात. वस्तुतः सांगाडा चारच हाडांचा आहे: प्रास्ताविक, पद्धती, निष्पत्ती आणि चर्चा.

समजा, आपला विषय आहे ‘लोकलमधील गर्दी आणि चिडचिड’. प्रास्ताविकात हा प्रश्न का पडला, आधी कोणी काय शोधले आणि आपला अभ्युपगम कोणता, हे यावे. ‘आजच्या धकाधकीच्या जीवनात’ अशी सुरुवात केल्यास एक ओळ फुकट गेली असे समजावे.

खरी कसोटी पद्धतीत लागते. ‘गर्दी’ म्हणजे नेमके काय? रेल्वेच्या हिशेबात दर चौरस मीटरला १४ ते १६ उभे प्रवासी म्हणजे अतितीव्र गर्दी. आपणही असेच काहीतरी मोजता येण्यासारखे ठरवले पाहिजे. चिडचिड कशाने मोजली, प्रश्नावली गाडीत भरून घेतली की घरी गेल्यावर, प्रयुक्त किती व कसे निवडले, त्यांची संमती घेतली का, हे सारे यात येते. ‘अंदाजाने मीठ’ ही आजीची पाककृती आजीच्याच हातची चव देते. दुसऱ्याच्या हाती ती निरुपयोगी. पद्धतीचा भाग वाचून घाटकोपरच्या मुलीला तोच अभ्यास बोरिवलीत करता आला पाहिजे.

निष्पत्तीत फक्त जे आले ते: मध्यमान, प्रमाण विचलन, सहसंबंध. त्याचा अर्थ चर्चेत. विद्यार्थ्यांची सर्वाधिक गल्लत होते ती या दोन भागांत. गर्दीत प्रवास करणाऱ्यांचे चिडचिडीचे गुण अधिक आले, ही निष्पत्ती. ‘गर्दीमुळे माणूस चिडतो’ हे अनुमान, आणि तेही घाईचे. गर्दीची गाडी पकडणारा पहाटे उठतो, कमी झोपतो. चिडचिड झोपेचीही असू शकेल. म्हणून ‘सिद्ध झाले’ हा शब्द टाळून ‘आढळले’, ‘सूचित होते’ असे लिहावे. ती भित्री भाषा नव्हे, मोजूनमापून बोलणे आहे.

अहवालाचा हेतू विसरला की काय होते, हे सर सिरिल बर्ट यांच्या प्रकरणात दिसले. वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या एकसारख्या जुळ्यांच्या बुद्ध्यंकांचा सहसंबंध त्यांनी १९५५ मध्ये २१ जोड्यांवरून ०.७७१ असा दिला. १९६६ मध्ये जोड्या ५३ झाल्या, तरी आकडा तोच, तिसऱ्या दशांश स्थळापर्यंत! लिऑन कामिन या मानसशास्त्रज्ञाने हे निदर्शनास आणले, तेव्हा बर्ट हयात नव्हते. काही अभ्यासकांनी पुढे त्यांची बाजूही मांडली. पण त्या आकड्यांवर विसंबून राहण्यास आता कोणी धजत नाही. आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या उपक्रमात मानसशास्त्रातील १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले गेले, तेव्हा सुमारे ३६ टक्क्यांतच पुन्हा लक्षणीय निष्पत्ती मिळाली. त्या साऱ्या संशोधकांनी लबाडी केली असे नाही. पण ‘यायला हवे तेच’ छापण्याची ओढ थोरामोठ्यांनाही सुटत नाही, एवढा धडा त्यातून घेता येतो.

आता भाषेविषयी. आपल्यापैकी अनेकांचे शालेय शिक्षण मराठीतून झालेले. संदर्भग्रंथ मात्र इंग्रजी. मग न कळलेली वाक्ये उतरवून काढली जातात. माझा अनुभव असा, की आपला प्रयोग आधी घरच्या माणसाला मराठीत सांगावा. आईला कळला तर तो आपल्यालाही कळला आहे. नंतर हव्या त्या भाषेत लिहावा. भाषा संचालनालयाचा परिभाषा कोश हाताशी असावा. पण ‘परिवर्त्य’ म्हणावे की ‘चल’, या वादात प्रयोग हरवू नये.

लिहिलेले मांडणे ही निराळी कला. २००६ साली सुरू झालेल्या ‘आविष्कार’ या आंतरविद्यापीठ संशोधन संमेलनामुळे पदवीच्या मुलांनाही भित्तिपत्रकापुढे उभे राहून आपले काम समजावून सांगण्याची संधी मिळते. तेथे तक्त्यांची खिचडी करू नये. एक प्रश्न, एक आलेख, एक निष्कर्ष पुरे. पाठ केलेले भाषण दुसऱ्याच प्रश्नाला कोसळते. आपल्या अभ्यासातील उणिवा परीक्षकाने काढण्यापूर्वी आपणच सांगाव्यात. त्याने गुण जात नाहीत, विश्वास मिळतो.

शेवटी एक कबुली. विद्यार्थिदशेत मीही वरच्या वर्गातील एकाचे जर्नल समोर ठेवून आकडे ‘बसवले’ होते. माझ्या प्रयुक्ताला, म्हणजे माझ्याच मित्राला, तो दृष्टिभ्रम झालाच नव्हता. जर्नलवर सही झाली, गुणही चांगले मिळाले. सरावाने हा भ्रम कमी होत जातो, हे मला पुष्कळ वर्षांनी वाचायला मिळाले. मित्राने आदल्या दिवशी दुसऱ्या एकासाठी तोच प्रयोग अनेकदा करून दिला होता! माझ्या हाती आलेली एक खरी गोष्ट मी खोडरबराने पुसून टाकली होती.

म्हणून हल्ली कोणी “किती यायला हवं होतं?” असे विचारले की मी एवढेच म्हणतो, “आलं ते लिही. आणि तसं का आलं असेल, ते चर्चेत लिही. सही मी त्याच्यावर करीन.”