संदर्भांचा शोध आणि त्यांची पारख

संसर्गजन्य रोगांचे संशोधन प्रयोगशाळेत चालते हे खरे; परंतु त्याचा आरंभ बहुधा ग्रंथालयात होतो. आपल्या प्रश्नावर पूर्वी कोणी काय केले हे ज्याला ठाऊक नाही, तो दुसऱ्याने केलेले काम पुन्हा करीत बसण्याचा संभव असतो. पटकीच्या संशोधनाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

पटकीचे जंतू एखादे विषद्रव्य निर्माण करीत असावेत, असे मत रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये मांडले होते. १९१५ मध्ये व्हिओल व क्रेंदिरोपुलो यांनी सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्ही बाजूंनी बांधून त्यात हे जंतू सोडून पाहिले. फ्रेंच भाषेतील त्यांचे टिपण पुढे विस्मृतीत गेले. सुमारे चार दशकांनंतर, १९५३ मध्ये, कलकत्त्याचे विकृतिशास्त्रज्ञ शंभुनाथ डे यांनी एका सहकाऱ्यासह हीच पद्धत नव्याने उपयोगात आणली. १९५९ मध्ये त्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले की, जंतू गाळून काढलेल्या द्रवानेही आतड्यात पाणी साठते. म्हणजे रोग्याच्या शरीरातील पाणी आतड्यावाटे वाहून जाते, ते या विषद्रव्यामुळे.

अशा निबंधापर्यंत पोहोचावे कसे? प्रथम नावांची यादी करावी. पटकीच्या जंतूला जुन्या ग्रंथांत ‘कॉमा बॅसिलस’ किंवा ‘व्हिब्रिओ कॉमा’ म्हटलेले आढळते. उलटपक्षी, ‘कॉलरा इन्फँटम’ हा शब्द दिसला म्हणजे ती पटकी नव्हे. लहान मुलांच्या अतिसाराला हे नाव असे. त्यानंतर विषयसूची पाहावी. १८७९ मध्ये सुरू झालेली ‘इंडेक्स मेडिकस’ ही सूची २००४ पर्यंत छापली जात होती. आज हेच काम ‘पबमेड’ ही संगणकीय सूची करते. सापडलेल्या निबंधाच्या अखेरीस दिलेल्या संदर्भांवरून मागे जाता येते. तो निबंध पुढे कोणी उल्लेखिला, हे यूजीन गारफिल्ड यांनी प्रचारात आणलेल्या ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’सारख्या उल्लेख-सूचीवरून कळते.

शोधाइतकीच पारखही महत्त्वाची आहे. लेखकाने स्वतः निरीक्षण केले आहे, की दुसऱ्याचे सांगितले आहे? प्रयोगाला तुलनेची जोड होती काय? निष्कर्ष प्राण्यांपुरता आहे, की माणसालाही लागू पडतो? आणि अन्य कोणी स्वतंत्रपणे तेच पाहिले काय? डे यांच्या बाबतीत शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मुंबईत मिळते. हाफकिन संस्थेतील दत्ता, पानसे व कुलकर्णी यांनी १९५९ मध्येच सशाच्या पिलांवर प्रयोग करून विषद्रव्याचा परिणाम दाखवला होता.

सरकारी अहवालही असेच तपासून घ्यावेत. ब्रिटिश अमदानीत खेड्यातील मृत्यूची वर्दी बहुधा पाटील किंवा चौकीदार देत असे. वैद्यकीय तपासणी क्वचितच होई. त्यामुळे ‘पटकी’ या रकान्यात इतर अतिसारांचे बळीही नोंदले जाणे शक्य होते. अशा आकड्यांवरून साथ केव्हा उसळली हे बऱ्याच अंशी कळेल. मृतांची नेमकी संख्या मात्र त्यांवरून ठरवू नये.

एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. उल्लेखांची संख्या हे निबंधाच्या प्रसाराचे माप आहे, सत्यतेचे नव्हे. डे यांच्या निबंधाकडे आरंभीची काही वर्षे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. पटकी-संशोधनात त्याचे स्थान केवढे मोठे आहे हे गारफिल्ड यांनी उल्लेखांच्या आधारे दाखवले, ते १९८६ मध्ये. त्यापूर्वीच, १९८५ मध्ये, डे यांचे निधन झाले होते. सूची वाचकाला निबंधाच्या दारापर्यंत आणून सोडते. आत काय आहे, ते मूळ पाने उघडून ज्याचे त्यानेच वाचावे लागते.