गेर्डाचे अनवाणी पाय : अँडरसनची ‘हिमराणी’ आणि तिची चित्रे

युरोपीय परीकथेत कोणाची तरी सुटका करायला निघणारा नायक राजपुत्र असो वा घरादाराने खुळ्यात काढलेला धाकटा मुलगा असो, वाटेत त्याच्या हाती अदृश्य करणारी टोपी, वाऱ्याच्या वेगाचे जोडे किंवा बोलका घोडा असे काहीतरी बहुधा लागतेच. अशी वस्तू देणाऱ्या पात्राला रशियन अभ्यासक व्लादिमीर प्रॉप याने परीकथेच्या रचनेवरील १९२८ सालच्या ग्रंथात ‘दाता’ म्हटले, आणि दात्याने नायकाची पारख करून त्याला जादूचे साधन देणे हा या कथाप्रकाराच्या कण्याचा भाग मानला. डेन्मार्कच्या हान्स क्रिश्चन अँडरसनच्या ‘हिमराणी’ या २१ डिसेंबर १८४४ रोजी प्रसिद्ध झालेल्या कथेत दाते मुबलक आहेत, पण शत्रूवर चालेल असे जादूचे साधन एकही नाही. उलट नायिकेला जे मिळते ते फार काळ तिच्याजवळ टिकत नाही, आणि ती हिमराणीच्या हद्दीत पाऊल टाकते तेव्हा तिच्या पायांत जोडेही नसतात.

ओडेन्स गावातील एका गरीब चांभाराचा आणि कपडे धुणाऱ्या बाईचा मुलगा असलेल्या अँडरसनने आरंभी ऐकीव लोककथा नव्याने सांगितल्या. ‘हिमराणी’ मात्र कलापरीकथा, म्हणजे लोककथेचा साचा वापरून एका लेखकाने स्वतः रचलेली कथा आहे. तिचे सात भाग आहेत आणि प्रत्येकाला तो ‘गोष्ट’च म्हणतो. पहिलीत सैतानाचा आरसा फुटतो, ज्यात चांगले ते आकसून आणि वाईट ते मोठे होऊन दिसत असे. हिवाळ्यात खिडक्यांच्या काचा गोठल्या की तांब्याचे नाणे तापवून काचेला टेकवायचे आणि विरघळलेल्या वाटोळ्या जागेतून एकमेकांकडे पाहायचे, हा शेजारी राहणाऱ्या काय आणि गेर्डा या मुलांचा नेहमीचा खेळ. पुढे त्याच आरशाचे कण कायच्या डोळ्यात आणि काळजात शिरतात व त्याला गुलाबातली कीडच तेवढी दिसू लागते. हिमराणी त्याला आपल्या स्लेजमागे ओढून नेते तेव्हा भेदरलेला काय प्रार्थना आठवू पाहतो, पण आठवतात ते पाढे. पाढ्यांच्या घोकंपट्टीत वाढलेल्या मराठी वाचकाला यातली खोच वेगळी सांगायला नको.

गेर्डाचा प्रवास सुरू होतो तोच देऊन टाकण्याने : कायचा ठावठिकाणा कळावा म्हणून ती आपले नवे लाल जोडे नदीला अर्पण करते. पुढे एक राजकन्या तिला बूट, हात ऊबदार ठेवणारी लोकरी नळकांडी आणि सोन्याची बग्गी देते; बग्गी दरोडेखोर लुटतात, आणि त्यांच्यातली सुरी उशाशी घेऊन झोपणारी हट्टी पोर नळकांडी स्वतःला ठेवून घेते, बूट परत करते आणि वर आपल्या आईचे ढगळ हातमोजे व एक रेनडिअर देते. अँडरसनच्या साऱ्या लेखनातील सर्वांत जिवंत बालपात्रांत या पोरीची गणना व्हावी, कारण ती दयाळू असूनही सुधारत नाही. उत्तरेकडची लॅप बाई सुकवलेल्या माशावर निरोप लिहून देते. तो वाचणारी फिन बाई तीनदा वाचून पाठ करते आणि मासा वाया नको म्हणून सरळ रस्स्यात टाकते. गेर्डाला बारा पुरुषांचे बळ देणारे पेय द्या, अशी गळ रेनडिअर घालतो, तेव्हा ती नकार देते, कारण तिच्या मते या मुलीजवळ आहे त्याहून मोठे सामर्थ्य कोणी तिला देऊच शकत नाही. त्यानंतरच्या घाईत बूट आणि हातमोजेही मागे राहतात.

अखेरीस लढाईही होत नाही. गेर्डा महालात शिरते त्या वेळी हिमराणी एटना आणि व्हेसुव्हियसची शिखरे पांढरी करायला उष्ण देशांकडे गेलेली असते. काय बर्फाचे तुकडे जुळवून ‘अनंतत्व’ हा शब्द साधण्याच्या खटपटीत असतो. तो जमल्यास हिमराणी त्याला सारे जग आणि वर स्केटची नवी जोडी देणार असते. गेर्डाच्या आसवांनी त्याचे काळीज विरघळते आणि खलनायिका परतण्यापूर्वीच सुटका होऊन जाते.

चित्रकारांची पंचाईत इथेच होते, कारण शीर्षक एकीचे आणि कथा दुसरीची. नौदलातील अधिकारी विल्हेल्म पेडरसन याने १८४९च्या सुमारास अँडरसनच्या संग्रहासाठी काढलेली चित्रे लाकडी ठशांवर कोरून छापली गेली. असा ठसा धातूच्या खिळ्यांशेजारी एकाच चौकटीत बसत असल्याने चित्र मजकुराच्या कुशीत, हव्या त्या ओळीपाशी येऊ शके, आणि लहान आकारामुळे लहान मुलगी त्यात हरवत नसे. लंडनहून १९११ साली निघालेल्या एडमंड ड्युलाकच्या आवृत्तीत तंत्र बदलले होते : छायाचित्रणाने रंग वेगळे करून छापायचे तर गुळगुळीत कागद लागे, म्हणून चित्रे स्वतंत्र छापून पुस्तकात चिकटवली जात. सात कथांना मिळून अशी २८ रंगीत चित्रे आली, म्हणजे मोजकेच प्रसंग निवडणे भाग होते, आणि हिवाळी रात्री शहरावरून उडणारी वा गोठल्या तळ्यात सिंहासनावर बसलेली हिमराणी हीच डोळ्यांत भरली. ड्युलाकच्या निळ्या रंगाला तोड नाही हे मान्य करूनही, त्या झगमगाटात गेर्डा मागे पडली हे नाकारता येत नाही.

लेव्ह अतामानोव्हच्या १९५७ सालच्या सोव्हिएत चित्रपटाने मूळ कथेतील ख्रिस्ती आशय, गेर्डाच्या गोठलेल्या श्वासातून उभे राहणारे देवदूत यांसह, गाळला. मात्र तिची वाटचाल हाच चित्रपटाचा कणा ठेवला आणि दरोडेखोर पोरीला भरपूर वाव दिला. डिस्नेच्या २०१३च्या ‘फ्रोझन’मध्ये राणीच सहानुभूतीचा विषय झाली व शोधयात्रा तिच्या बहिणीकडे गेली. हा बदल आजच्या प्रेक्षकाला रुचला यात नवल नाही. खटकते ते एवढेच, की या उलथापालथीत सुरीवाल्या पोरीला कुठेच जागा उरली नाही.