स्क्रू किती आवळायचा?

कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिकच्या जागतिक नेमबाजी स्पर्धेत ५० मीटर रायफल प्रोनचं सुवर्ण जिंकलं. २०२४ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळे यांनी थ्री पोझिशनचं कांस्य आणलं. या अंतरावर दहाचं वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटरचं. त्यामुळे अ‍ॅक्शन स्टॉकला धरून ठेवणारे स्क्रूही हिशेबात येतात.

इपॉक्सीने बेडिंग केलेलं असलं तरी आधी बैठक तपासा. बोल्ट काढा, रायफल रिकामी असल्याची खात्री करा, स्टॉकच्या टोकाशी नळीला डायल गेज लावा आणि एक स्क्रू सैल करा. काटा ०.०५ मिलिमीटरहून बराच जास्त हलला, तर अ‍ॅक्शन ताणाखाली वाकून बसली आहे. मग टॉर्कशी खेळण्यात अर्थ नाही, बेडिंगच नव्याने करावं. काटा जागचा हलला नाही, तर उत्पादकाच्या मर्यादेत राहून अर्धा-अर्धा न्यूटन-मीटर वाढवत जा. दर टप्प्याला एकाच लॉटची काडतुसं, दहा-दहा शॉट. हाताच्या अंदाजाने आवळणं मात्र सोडाच. टॉर्क पाना हवाच.

विदर्भात तिवसा-मोझरीकडे मे महिन्यात लाकडी स्टॉक आकसतो, पावसाळ्यात फुगतो. तेव्हा ऋतू पालटला की पाना पुन्हा लावून बघा. अ‍ॅल्युमिनियमच्या स्टॉकला ही कटकट नाही.