बाळाचा तोल आणि डोळे

बाळ पायांवर उभे राहते, असे आपण म्हणतो. पण नुसत्या पायांनी तोल सावरत नाही. कानाच्या आत तोल कळण्याची सोय आहे, ती लागते. डोळेही लागतात.

खरे वाटत नाही? भिंतीजवळ एका पायावर उभे राहा आणि डोळे मिटा. लगेच डुलायला लागाल.

बाळाची भिस्त तर डोळ्यांवर फारच. १९७४ साली ली आणि ॲरॉन्सन या शास्त्रज्ञांनी एक गमतीची खोली वापरली. भिंती वरून टांगलेल्या, जमीन मात्र पक्की. नुकतीच उभी राहू लागलेली, १३ ते १६ महिन्यांची मुले आत उभी केली. समोरची भिंत त्यांच्याकडे सरकवली. मुले मागे झुकली, काही तर धपकन पडली! जमीन तसूभरही हलली नव्हती. पण भिंत जवळ आली, म्हणून डोळ्यांनी सांगितले, तू पुढे कलतोयस. ते सावरायला मूल मागे गेले. मोठा माणूस अशा वेळी थोडासाच डुलतो.

ज्या बाळाला नीट दिसत नाही, ते पुष्कळदा उशिरा उभे राहते. घरची माणसे पायांना दोष देतात, तेल चोळतात. चोळू देत बापडी. पण बाळ दिव्याकडे, आईच्या तोंडाकडे बघते का, तेही पाहा. बघत नसेल तर ते उभे राहण्याची वाट बघू नका, आधी डोळे डॉक्टरांना दाखवा.