उंबरठ्यावरची परवानगी

इमारतींचे आणि यंत्रभागांचे आराखडे ज्यावर काढले जातात ते ऑटोकॅड हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना रेषा, कंस आणि मापे यांचे साधन वाटत असले, तरी १९८६ पासून त्यात ऑटोलिस्प नावाची स्वतंत्र संगणकभाषा आहे. तिच्यात लिहिलेल्या चार ओळींनी जिन्याच्या साऱ्या पायऱ्या एका दमात काढता येतात, आणि तितक्याच सहजपणे ऑटोकॅडच्या बाहेरचा, म्हणजे विंडोजमधला दुसरा एखादा प्रोग्रॅमही सुरू करता येतो. सुरक्षेचा प्रश्न उभा राहतो तो या दुसऱ्या सोयीमुळे.

जुन्या आवृत्त्यांत ड्रॉइंग ज्या फोल्डरमधून उघडले जाई, त्याच फोल्डरमध्ये ‘अकॅड’ या ठरावीक नावाची लिस्प फाइल असली, तर ती कोणालाही न विचारता आपोआप लोड होत असे. प्रत्येक प्रकल्पाची मांडणी वेगळी ठेवण्यासाठी ही सोय उपयोगी होती. पण २०१२ मध्ये प्रामुख्याने पेरू देशात फैलावलेल्या ‘मेड्रे’ या वर्मने नेमका तिचाच फायदा घेतला. ठेकेदाराकडून झिप करून आलेल्या फोल्डरमध्ये ड्रॉइंगशेजारी ही फाइल निमूटपणे बसलेली असे आणि ड्रॉइंग उघडताच ती जागी होई. मग ती लहानशा स्क्रिप्ट लिहून विंडोजकडून चालवून घेई, आणि त्या स्क्रिप्ट उघडलेले ड्रॉइंग चीनमधील ईमेल खात्यांवर धाडून देत. स्वतः ड्रॉइंगमध्ये काहीच दोष नसल्यामुळे ते कितीही तपासले तरी हाती काही लागण्यासारखे नव्हते.

ऑटोकॅडच्या २०१४ च्या आवृत्तीत यावर ‘सिक्युअरलोड’ हे सेटिंग आले. त्याची किंमत ० असेल तर कोठलाही कोड बिनबोभाट लोड होतो, १ असेल तर विश्वासू ठरवलेल्या फोल्डरांबाहेरच्या कोडसाठी आधी विचारणा होते, आणि २ असेल तर असा कोड लोडच होत नाही. मूळ सेटिंग १ असते; मात्र संध्याकाळपर्यंत नकाशे द्यायचे असताना समोर आलेल्या चौकटीतील मजकूर वाचण्याची उसंत कोणाला असते, हा प्रश्न उरतोच.

त्याहून नाजूक बाब म्हणजे हा पहारा फक्त उंबरठ्यावरचा आहे. एकदा लोड झालेला कोड पुढे कोणता बाहेरचा प्रोग्रॅम सुरू करतो याकडे हे सेटिंग पाहत नाही. वापरकर्त्याला संगणकावर जे अधिकार असतील, त्याच अधिकारांनी तो कोड वावरतो. म्हणून सारी भिस्त विश्वासू फोल्डरांच्या यादीवर येते. या यादीत फोल्डरच्या मार्गाशेवटी उलटी तिरकी रेघ आणि तीन टिंबे दिली की त्याच्या आतले सर्व फोल्डर विश्वासू ठरतात. कटकट नको म्हणून कोणी अख्खा डी ड्राइव्हच अशा रीतीने नोंदवला, तर त्याच ड्राइव्हवर उघडलेली ठेकेदाराची झिपही आपसूक विश्वासू होते.

त्यामुळे कार्यालयातील लिस्प फाइली सर्व्हरवरील एकाच फोल्डरमध्ये ठेवून ड्राफ्ट्समनना तो केवळ वाचण्यापुरता खुला करावा, त्यात लिहिण्याचा अधिकार एखाद्याच जबाबदार व्यक्तीकडे ठेवावा आणि सिक्युअरलोड २ वर न्यावे, ही मांडणी अधिक भरवशाची ठरते. एखाद्या नव्या लिस्प फाइलसाठी त्या व्यक्तीकडे अर्धा दिवस खोळंबावे लागते, ही तिची किंमत.